साकवाच्या पहिल्या तीन फळ्या

टाका, आधी एक पाय टाकून बघा. दाबून बघा. हलतो का, करकरतो का, सगळं बघून घ्या. मला राग येत नाही. आजवर माझ्यावर जो आला, तो असाच आला.

मी एक साकव. मोठ्या पुलाला असते तशी पाटी मला नाही, की कुणी फीत कापलेली नाही. दोन काठांवर टेकलेले विजेचे दोन जुने लोखंडी खांब, त्यांवर आडव्या जांभळाच्या फळ्या आणि धरायला दोन्ही अंगांना दोर. एवढाच माझा देह.

पाटणहून कोयनानगरकडे जाताना मध्येच एक फाटा आत वळतो. तिथं आमची वाडी. वाडीच्या पाठीशी रान आहे, रानातून नदी येते आणि लहान लेकरंही कुरकुर न करता चालत जातील एवढ्या अंतरावर रांजणकड्याचा धबधबा आहे. वाट सोपी. चढ थोडा, सावली भरपूर. फक्त नदी ओलांडावी लागते, आणि ओलांडायची जागा म्हणजे मी.

रविवारी इस्लामपूर, कराड, सातारा अशा गावांहून गाड्या येतात. त्या माणसांना मी जवळून ओळखतो. बापमाणसं तोंडानं ‘काही होत नाही’ म्हणतात आणि दोर मात्र दोन्ही हातांनी आवळतात. आया लेकरांचा दंड इतका घट्ट धरतात की लेकरू रडतं ते भीतीनं नव्हे, दंड दुखतो म्हणून. तरणी पोरं मधोमध उभी राहून मला मुद्दाम हलवतात. आज्या देवाचं नाव घेतात, पण नजर माझ्या फळ्यांवरून हलवत नाहीत. ज्याच्याकडं येणारा जाणारा संशयानं बघतो, त्याचाही स्वभाव हळूहळू तसाच होतो. माझा झाला. कुणाचं पाऊल जरा वेगळं पडलं की माझे कान टवकारतात.

माझा जन्म जोतिबा सुभेदारांच्या हट्टातून झाला. सुभेदार फौजेत पूल बांधायच्या पलटणीत होते. पेन्शन घेऊन वाडीत आले, शेत बघू लागले. इथं आण्णा मिस्त्री होते. लाकडाचं आणि लोखंडाचं, दोन्ही काम त्यांच्या हातात. त्यांची मुलगी आम्रपाली कराडला शिकून परत आली आणि तिनं लोकांना धबधब्यापर्यंत न्यायला सुरुवात केली. “फॅमिली ट्रेक,” ती म्हणायची. नदीतल्या दगडांवरून म्हाताऱ्यांना आणि लेकरांना नेताना तिचा जीव मुठीत असायचा. ते बघून सुभेदार आण्णांना म्हणाले, “मिस्त्री, ह्या पोरीला पूल पायजे. तू फळ्या बघ, जागा मी बघतो.”

वादळात पडलेल्या जांभळीच्या फळ्या आण्णांनी कापल्या. खांब उचलायला सगळी वाडी लागली. शेवटचा नट आवळून झाला तेव्हा माझ्यावर पहिला कोण जाणार, यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले. सुभेदारांनी टोपी सारखी केली आणि सरळ चालत निघाले. एकदाही खाली बघितलं नाही. पलीकडं जाऊन ओरडले, “या रं! पूल पक्का हाय!”

पहिली दोन वर्षं बरी गेली. गेल्या पावसाळ्यानंतर मात्र काहीतरी बिनसलं.

वाडीच्या बाजूच्या माझ्या पहिल्या तीन फळ्या सैल लागू लागल्या. पावसानं लाकूड फुगतं, उन्हानं आकसतं, हे मला ठाऊक आहे. पण हे तसं नव्हतं. नटांवर पान्याचे ओरखडे होते. कुणीतरी ते सोडवत होतं आणि परत लावत होतं.

मग एका संध्याकाळी मला ते हात कळले. दिवे लागायची वेळ होती. पाखरं गप्प झाली होती. काठावर बांगड्या वाजल्या. एक बाई खाली बसली, पदराआडून पाना काढला आणि नट फिरवू लागली. शालूबाई! सुभेदारांची बायको! तिनं तिन्ही फळ्या काढल्या, एकेक करत करवंदीच्या जाळीमागं नेऊन ठेवल्या, इकडंतिकडं बघितलं आणि निघून गेली. माझ्या तोंडाशी माणूस सहज खाली जाईल एवढं भगदाड पडलं. खाली पुरुषभर खोलीवर दगड आणि पाणी.

मला कळेना. या बाईचं माझ्याशी काय वैर? मागं एकदा पाहुण्यांच्या गाड्या तिच्या अंगणापर्यंत आल्या म्हणून ती भाऊसोशी भांडली होती. भाऊसो वाटेच्या तोंडाशी चहा-पोह्यांचं दुकान चालवतो आणि गाड्या तोच लावून घेतो. त्या भांडणाचा राग माझ्यावर?

पहाट उजळली आणि वाटेवर बुटांचा आवाज आला. सुभेदार. अंगात जुना फौजी कोट. ते भगदाडापाशी येऊन थांबले. बराच वेळ खाली बघत उभे राहिले. मग दात आवळून म्हणाले, “उडवला. पूल उडवला दुश्मनानं.” आणि मागं फिरले.

त्याच वेळी हिरड्याच्या झाडामागं काहीतरी हललं. शालूबाई तिथं उभी होती. पदर तोंडात धरून ती आपल्या नवऱ्याकडं बघत होती. ते दिसेनासे झाले तशी ती आली आणि तिनं फळ्या पुन्हा बसवल्या.

हे एकदा घडलं असतं तर मी विसरलो असतो. पण ते रोजचंच झालं. सांजेला फळ्या निघायच्या, पहाटे सुभेदार यायचे, ती झाडाआडून बघायची. माझ्या मनात नको ते आलं. त्या वेळी माझ्यावर येणारा माणूस एकच होता. एखाद्या दिवशी धुकं दाट असेल, म्हाताऱ्याला भगदाड दिसणार नाही, याची ही बाई वाट बघते की काय? जन्माची सोबतीण, आणि असं? मला बोलता येत असतं तर मी त्यांना सावध केलं असतं. पण साकवाला फक्त करकरता येतं.

फळ्या सैल झाल्याचं भाऊसोच्याही लक्षात आलं. त्यानं फोनवर फोटो काढले आणि वाडीच्या ग्रुपवर टाकले. माणसं माझ्यावर वाकून बोलू लागली.

“बोल्ट आपसूक सुटत न्हाईत गड्या,” भाऊसो म्हणाला. “कुणीतरी सोडतंय. साकव मोडला की दुरुस्तीला कुणाला बोलवायचं? आण्णालाच ना?”

त्यानं पुढं काही म्हटलं नाही. म्हणायची गरजही नव्हती. आण्णांचं घर वाडीच्या खालच्या अंगाला, बुद्धविहाराजवळ. वरच्या आळीत काही हरवलं, काही मोडलं, की माणसांची मान आधी खालच्या अंगाला वळते. हे मी माझ्यावरून जाणाऱ्यांच्या बोलण्यातूनच शिकलो.

आणि मग तो रविवार आला.

त्या दिवशी ऊन वर आलं तरी फळ्या परत लागल्या नाहीत. सुभेदार आले नाहीत, शालूबाईही आली नाही. आम्रपाली मात्र लवकर निघाली होती. तिच्यासोबत इस्लामपूरचं एक कुटुंब होतं. जयराज, त्याची बायको उत्कर्षा आणि सृष्टी नावाची त्यांची लहानगी. सृष्टीच्या पाठीवर सशाच्या कानांचं पिटुकलं दप्तर होतं.

“मी पहिली! मी पहिली!” म्हणत पोर पुढं सुटली. भगदाड तिला दिसलं असतं, पण आईला चिडवायला ती तोंड मागं करून उलटी धावत होती.

आम्रपाली किंचाळली. सृष्टीचा पाय हवेत पडला, ती कंबरेपर्यंत खाली गेली आणि तेवढ्यात आम्रपालीनं झेप घेऊन दप्तराचा बंद पकडला. पोरीचा गुडघा माझ्या खांबावर खरचटला. एक सँडल गरगरत पाण्यात गेलं. खरं सांगतो, तो बंद तुटला असता तर आज तुमच्याशी बोलायला माझं तोंड झालं नसतं.

उत्कर्षा पोरीला पोटाशी धरून वाटेतच बसली. जयराज आम्रपालीवर ओरडला. “तुम्ही सेफ म्हणाला होता! लहान मुलांसाठी आहे म्हणाला होता! हे सेफ?”

आम्रपालीनं मान खाली घातली. “माझं चुकलं. मी आधी येऊन बघायला हवं होतं.”

आरडाओरडा ऐकून वाडी गोळा झाली. आण्णा धावत आले. भाऊसो त्यांच्या आधी पोचला होता.

“बघा,” तो म्हणाला. “ज्यानं बसवल्या त्येलाच काढता येत्यात. आता लेकराच्या जिवावर बेतलं, तवा तरी पटंल.”

“भाऊसो, बोलायचं तर नाव घेऊन बोल,” आम्रपाली म्हणाली.

“नाव कशाला घ्याया पायजे? सगळ्यांस्नी ठावं हाय.”

“माझी पोर हितनं रोज जाती,” आण्णा शांतपणे म्हणाले. “म्या फळ्या काढून तिलाच खाली पाडू व्हय?”

कुणी आण्णांच्या बाजूनं बोललं नाही. ठरलं ते असं, की आण्णांनी साकवाला हात लावायचा नाही आणि आम्रपालीनं माणसं आणायची नाहीत. माणसं पांगली. आण्णा तिथंच राहिले. त्यांनी करवंदीच्या जाळीमागं फळ्या शोधल्या. त्या नीट उभ्या करून, खाली दगड देऊन ठेवल्या होत्या, ओल लागू नये म्हणून. त्या बघून आण्णा विचारात पडले.

दुसऱ्या दिवशी भाऊसोनं त्या परत बसवून घेतल्या. सांजेला आण्णा त्याच जाळीपाशी येऊन बसले. शालूबाई आली, वाकली आणि तिनं पाना काढला.

“वैनी,” आण्णा म्हणाले.

तिच्या हातातला पाना खडकावर पडला. ती मटकन खाली बसली. आण्णा जाळीपासून उठून आले आणि तिच्यापासून जरा लांब बसले.

“का वो वैनी?”

“सुभेदार,” ती म्हणाली. “त्येंस्नी काय बी ध्यानात ऱ्हात न्हाई, आण्णा. पयल्यांदा चष्मा इसरायचं. मग जेवल्यालं. आता मला बी कवा वळखत्यात, कवा न्हाई. दिस उजाडला की उठून कोट घालत्यात. म्हणत्यात, ‘पल्याड माणसं अडकल्यात, पूर आलाय, त्यांस्नी आणाया जातो.’ एकदा रानात पार कड्यापतूर गेलं हुतं. दार लावलं तर दार फोडत्यात. भांडून ऐकत न्हाईत. पर पूल न्हाई दिसला, की मुकाट माघारी येत्यात.”

“आणि काल?”

“काल न्हाणीत पडलं. मी एकली. त्येंस्नी उचलू का फळ्या लावाया येऊ?” तिनं नदीकडं बघितलं. “त्या लेकराला काय झालं असतं तर मी ह्याच नदीत उडी घेतली असती.”

“कुणाला तरी सांगायचं, वैनी.”

“काय सांगू? उभ्या वाडीनं त्येंस्नी सलाम ठोकलाय. पोरं फौजेत जायाच्या आदी पाया पडाया येत्यात. उद्या हीच पोरं मागनं हसतील. मला चोर म्हणा आण्णा, कायबी म्हणा. पर त्येंस्नी येडं म्हणू नगा.”

आण्णांनी खाली पडलेला पाना उचलून तिच्या हातात दिला. “चोर म्हणाया मी हाय की,” ते म्हणाले आणि खिन्न हसले. “काळजी करू नगा. हितं एक फाटक बसवू, कडीचं. फळ्या काढाया लागणार न्हाईत.”

मी त्या बाईबद्दल काय काय मनात आणलं होतं! पण आता मला दुसरीच धास्ती लागली. फाटक बसवायचं तर आण्णांना माझ्याजवळ यायला हवं, आणि नेमकी त्यालाच बंदी. बंदी का उठवायची हे सांगायचं, तर शालूबाईचं गुपित उघडं पडणार.

आण्णा गप्प राहिले. आम्रपालीला ते सहन होईना. काठावर येऊन ती बापाला म्हणाली, “आण्णा, तुम्हाला माहिती आहे कोण ते. मग बोलत का नाही? लोक माझ्याकडं कसं बघतात ते दिसत नाही का तुम्हाला?”

“दिसतंय, पोरी. पर सांगायचं म्हंजी दुसऱ्याच्या घरावरचं छप्पर उचकटल्यावानी हाय. दोन दिस कळ काढ.”

तेवढेही दिवस मिळाले नाहीत. भाऊसोनं पाटणहून वेल्डिंगवाला आणला, जनरेटर धडधडला आणि माझ्या पहिल्या तीन फळ्यांचे नट कायमचे डागून टाकले. “आता काढ म्हणावं कुणाला काढायच्यात त्या,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. एखाद्या लेकराला तो वाचवतोय, असंच त्याला वाटत होतं.

सांजेला शालूबाई आली. पाना लावून बघितला. पाना घसरला. पुन्हा लावला. तिच्या बोटाचं सालपट निघालं. शेवटी तिनं कपाळ माझ्या फळीवर टेकलं. मग पदर सावरून ती घाईनं घराकडं गेली.

पहाटे बुटांचा आवाज आला. मी जीव घट्ट धरून होतो. सुभेदार आले, माझ्याकडं बघितलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. “बांधला! शाब्बास!” असं म्हणत ते तडातडा माझ्यावरून चालत गेले. करकरून करकरून मी थकलो. ते कधीच्या कुठल्या पुरातल्या माणसांना आणायला रानात दिसेनासे झाले.

जरा वेळानं शालूबाई अनवाणी धावत आली. तिच्या कपाळाला खोक होती. दार अडवायला गेली असणार. पलीकडच्या वाटेवर कुणी दिसेना, तशी ती काठावर उभी राहून ओरडली, “आण्णा! आवं आण्णा! त्ये पल्याड गेलं!”

आण्णा आले, आम्रपाली आली. भाऊसो दुधाच्या धारेची चरवी हातात घेऊनच आला. “कोण गेलं?” त्यानं विचारलं.

शालूबाईनं एकदा आण्णांकडं बघितलं. मग सगळ्यांसमोर बोलली. “सुभेदार. त्येंस्नी काय आठवत न्हाई. त्ये जाऊ नयेत म्हणून फळ्या मी काढत हुते. रोज मीच. आण्णाचा काय बी दोष न्हाई.”

भाऊसो एक पाऊल मागं सरला. “काकी... आदी सांगायचं हुतं.”

“कुणाला? तुला? तू ग्रुपवर टाकलं असतंस.”

भाऊसोनं चरवी तिथंच ठेवली आणि माझ्यावरून पलीकडं धावला. त्याच्या मागून आण्णा आणि आम्रपाली. शालूबाईच्या गुडघ्यांना चढ झेपणार नव्हता. ती माझ्या पहिल्या फळीवर बसून राहिली.

मला जागचं हलता येत नाही. रानात काय झालं ते मी बघितलेलं नाही. मला फक्त लांबून धबधब्याचा आवाज येत होता आणि शालूबाईचा श्वास जाणवत होता. ऊन झाडांच्या शेंड्यांवरून उतरून पाण्यावर आलं. ती नुसती फळीवरून हात फिरवत होती.

मग वाटेवर माणसं दिसली. पुढं आम्रपाली. मागं सुभेदार, कमरेपर्यंत भिजलेले, एक हात आण्णांच्या आणि दुसरा भाऊसोच्या खांद्यावर. पुढं त्यांच्या बोलण्यातून मला कळलं, की धबधब्याच्या डोहात उभे राहून ते पाण्याच्या पडद्याआडच्या माणसांना हाका मारत होते. बाहेर यायला तयारच नव्हते. शेवटी आम्रपाली पाण्यात उतरली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “साहेब, सगळी माणसं सुखरूप निघाली. तुमचीच वाट बघतायत.” तेव्हा आले.

माझ्या मधोमध येऊन सुभेदार थांबले. आण्णांना म्हणाले, “मिस्त्री, मोजली का रं? कुणी ऱ्हायलं न्हाई ना?”

“न्हाई सुभेदार. सगळी आली.”

मग त्यांची नजर काठावरच्या शालूबाईवर पडली. त्यांनी डोळे बारीक केले. बोट रोखलं.

“हीच ती,” ते हळूच आण्णांच्या कानात म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेलं. “हिला धरा. रोज पूल मोडती ती हीच बाई. म्या बघितलंय हिला.”

वाडीनं एवढे दिवस एकमेकांवर संशय घेतला, तो सगळा खोटा निघाला. खरा ठरला तो या एकाच माणसाचा, ज्याला स्वतःची बायको ओळखू येत नव्हती.

शालूबाई उठली. रडता रडता तिला हसू आलं. “व्हय वो, मीच,” ती म्हणाली. “चला, घरला न्हेऊन काय शिक्षा द्यायची ती द्या.” तिनं त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही.

त्यानंतर वाडीच्या बाजूला माझ्या तोंडाशी फाटक लागलं. आण्णांनी ते सागाच्या पट्ट्यांचं केलं. कडी नदीच्या अंगाला, खाली वाकून काढावी लागते अशी, सुभेदारांच्या ध्यानात येत नाही अशा जागी. बिजागऱ्या भाऊसोनं आणून दिल्या आणि फाटक उभं करताना तो मुकाट धरून राहिला. आण्णांची माफी त्यानं मागितली का? माझ्या कानावर तरी आलेली नाही. आम्रपाली अजून त्याच्या दुकानात चहा घेत नाही. आणि मीही, खरं सांगायचं तर, त्याचं पाऊल पडलं की जरा ताठच होतो. संशय एकदा अंगात मुरला की लवकर निघत नाही.

वाडीत कुणी सुभेदारांना हसलं नाही. निदान माझ्यावरून जाताना तरी नाही. तरणी पोरं आता पहाटे व्यायामाला निघाली की त्यांच्या दारावरून जातात. सुभेदार कोट घालून बाहेर आलेच, तर त्यांच्यासोबत दोन पावलं चालतात, ‘साहेब, पलीकडं सगळं ठीक आहे’ म्हणतात आणि परत आणून सोडतात. कधी ऐकतात, कधी भांडतात. ते आता बरेच थकलेत. शालूबाई रात्रीची नीट झोपते, असं तीच परवा आण्णांना सांगत होती.

आम्रपाली पुन्हा माणसं आणते. आधी एकटी येऊन माझी एकेक फळी तपासते, मगच लेकरांना बोलावते.

तुम्हीही या. रांजणकडा बघा, पाण्यात पाय सोडून बसा, कागद आणि बाटल्या आपल्या पिशवीतून परत न्या. माझ्यावर संशय घ्या, दोर घट्ट धरा, माझी काही हरकत नाही. मागणं फक्त एवढंच. फाटक उघडून आत आलात की मागं वळा, वाका आणि कडी लावा. परत जातानाही लावा. घाई असली, लेकरू रडत असलं, पाऊस आला, तरी लावा. कडी बसली की खट असा आवाज होतो. तो ऐकल्याशिवाय पुढं जाऊ नका.